एकाला हगवण लागली की घरभर का पसरते?

“परवा धाकट्याला लागली, काल थोरलीला, आज त्यांच्या आजीला. सगळ्यांनी काही एकच खाल्लं नव्हतं. मग हे झालं कसं?”

पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रावर हा प्रश्न कानावर येतो. त्याची उत्तरंही घरोघरी तयार असतात. नवं पाणी बाधलं, हवा बदलली, पोराला दात येताहेत, कुणाची तरी नजर लागली. यातलं नव्या पाण्याचं उत्तर बरंचसं खरं आहे. दाताचं मात्र नाही. दात येण्याच्या वयात मूल रांगायला लागतं आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतं. त्यामुळे दात आणि हगवण एकाच सुमारास येतात, म्हणून एकामुळे दुसरं होतं असं वाटतं.

या प्रकरणासाठी हेमलकसा हे गाव निवडण्याला कारण आहे. भामरागड तालुक्यातलं हे ठिकाण. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम इथून जवळच आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो चंद्रपुरातून १९८२ मध्ये निघाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांसाठी इथे दवाखाना उभा केला, आणि १९७६ मध्ये निवासी शाळा निघाली. जंगल, नदी, दवाखाना आणि शेकडो मुलं एका छपराखाली राहतात अशी शाळा, हे सगळं इथे एका ठिकाणी आहे. पोटाचे जंतू कसे फिरतात आणि त्यांना कुठे अडवता येतं, हे समजून घ्यायला याहून नेमकी जागा नाही.

१. विष्ठेपासून तोंडापर्यंत

पोटाच्या सांसर्गिक आजारांचं मूळ एका वाक्यात सांगता येतं, फक्त ते ऐकायला बरं वाटत नाही. एका माणसाच्या विष्ठेतला जंतू दुसऱ्याच्या तोंडात गेला, तरच हा आजार पसरतो. हवेतून नाही, नजरेतून नाही, गार वाऱ्यातूनही नाही.

आता वरच्या घरात काय झालं ते पाहू. धाकट्याला पातळ शी झाली. थोरल्या बहिणीनं त्याला धुतलं, हात पाण्याखाली नुसते फिरवले आणि पदराला पुसले. त्याच हातानं तिनं गुंडात गडवा बुडवून पाणी घेतलं. बोटांची टोकं पाण्यात गेली. ते पाणी आजी प्यायली. कुणी चुकीचं खाल्लं नाही, कुणी बाहेरचं काही आणलं नाही. जंतूला लागलेली वाट एवढीच होती: शी, बोटं, गुंड, तोंड.

तान्ह्या बाळाची शी घाण नसते, ही समजूत फार पसरलेली आहे. बाळ नुसतं दूध पितं, त्याच्या शीत काय असणार, असं म्हणून ती अंगणात, केरात किंवा नाल्याच्या काठी टाकली जाते. खरं तर लहान मुलांना हे आजार मोठ्यांपेक्षा जास्त वेळा होतात, त्यामुळे त्यांच्या शीत रोगजंतू असण्याची शक्यताही जास्तच. ती संडासात टाकावी. संडास नसेल तर पाण्यापासून लांब खड्डा करून पुरावी.

२. हे जंतू कोण?

आधी एक गोष्ट साफ सांगायला हवी. लहान मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांमागे पुष्कळदा जिवाणू नसतात, विषाणू असतात. त्यातला रोटा हा सर्वात दांडगा. त्याची लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली. ती बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडातून देतात. ती चुकवू नये.

जिवाणूंचे ढोबळ दोन गट करता येतात. पहिला गट आतड्याची भिंत फोडत नाही. तिथे चिकटून विष सोडतो. पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू आणि ई. कोलायच्या काही जाती या गटातल्या. यांच्यामुळे तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब होतात. दुसरा गट भिंतीतच घुसतो, तिथे जखमा करतो. शिगेला हा त्यातला मुख्य. १८९७ मध्ये जपानच्या कियोशी शिगा यांनी तो शोधला, म्हणून हे नाव. यात ताप येतो, पोटात मुरडा येतो, शीत रक्त आणि शेंब पडते.

हा फरक घरच्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे, कारण उपचार त्यावर ठरतो. नुसत्या पाण्यासारख्या जुलाबांत मुख्य काम पाणी भरून काढण्याचं असतं. रक्त दिसलं तर डॉक्टर आणि औषध दोन्ही लागतात.

३. किती जंतू पुरतात?

निरोगी मोठ्या माणसाला पटकी व्हायला बहुधा लाखो-कोटी जंतू पोटात जावे लागतात, कारण जठरातलं आम्ल त्यातले बहुतेक मारून टाकतं. शिगेला या आम्लाला दाद देत नाही. त्याचे दहा ते शंभर जंतू गेले तरी आजार होऊ शकतो. नखाखालच्या न दिसणाऱ्या मळात याच्या कितीतरी पट जंतू मावतात. म्हणूनच पटकी प्रामुख्यानं पाण्यातून पसरते, तर शिगेला हातातून हातात, खेळण्यातून, दाराच्या कडीवरून, संडासातल्या मगावरून सहज फिरतो.

मूल बरं झालं की जंतू संपले, असंही नाही. आजार औषधाविना बरा झाला तरी शिगेला एक ते चार आठवडे शीतून पडत राहू शकतो. पोर अंगणात हुंदडायला लागलं म्हणून हात धुणं सैल करायचं नाही.

४. सकाळची पेज दुपारी

माडिया गावांत शेताच्या आणि मोहाच्या दिवसांत आई पहाटेच बाहेर पडते. लहानगं मोठ्या भावंडाकडे असतं आणि त्याच्यासाठी सकाळची पेज झाकून ठेवलेली असते. ही पेज दुपारी तीनला त्याच्या पोटात जाते, तोवर तिच्यात काय होतं याचा हिशेब करू.

समजा सकाळी नऊला ढवळताना हातावरचे दहा जंतू पेजेत पडले. उबदार, पातळ, पिठूळ अन्नात अनुकूल वेळी जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तासाला आठपट. दहा वाजता ते ८० झाले, अकराला ६४०, बाराला ५,१२०, एकला ४०,९६०, दोनला ३,२७,६८० आणि तीनला २६ लाखांहून अधिक. प्रत्यक्षात सगळं इतकं सरळ चालत नाही, पण दिशा हीच असते. वास बदलत नाही, चव बदलत नाही. पोराला भरवणाऱ्या बहिणीला काही कळण्याचा मार्ग नसतो.

उपाय साधा आहे. लहान मुलाचं अन्न शिजवल्यापासून दोन तासांत द्यावं. उशीर होणार असेल तर ते चुलीवर पुन्हा खदखदू द्यावं आणि निवल्यावर द्यावं. कोमट करून भागत नाही. आदल्या रात्रीची आंबवलेली आंबील या बाबतीत थोडी सुरक्षित असते, कारण आंबण्यातून तयार झालेलं आम्ल बऱ्याच जंतूंना वाढू देत नाही. जुन्या बायकांनी ही आंबील उन्हातान्हात तुंब्यात भरून नेली, त्यामागे अनुभव होता. ताज्या गोड्या पेजेला हे संरक्षण नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा तर प्रश्नच सोपा आहे. त्याला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हगवण लागली तरी अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा पाजायचं.

५. मूल मरतं कशानं?

हगवणीनं जगात पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुलं दरवर्षी दगावतात. त्यातल्या बहुतेकांना जंतूनं थेट मारलेलं नसतं. शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून जातात आणि मूल त्यानं जातं.

दहा किलोच्या मुलाचा हिशेब घ्या. एका पातळ शीबरोबर वाटीभर म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी गेलं असं धरलं, तर पाच वेळा झाल्यावर अर्धा लिटर गेलं. वजनाच्या पाच टक्के. इथे डोळे खोल दिसायला लागतात, तोंड सुकतं, मूल पाण्यासाठी हावरं होतं. आणखी अर्धा लिटर गेलं की दहा टक्के झाले. आता ते मलूल पडतं, रडतं तर डोळ्यांत पाणी येत नाही, लघवी थांबते. पटकीत ही मजल काही तासांत गाठली जाते.

नर्सबाई पोटाच्या कातडीची चिमटी घेतात ती यासाठी. बेंबीच्या बाजूची कातडी दोन बोटांत उचलायची आणि सोडायची. निरोगी मुलाची कातडी तत्क्षणी सपाट होते. नजर ठेवायला वेळच मिळत नाही. पाणी कमी झालेल्या मुलाची घडी क्षणभर तशीच उभी राहते आणि मग हळूहळू खाली बसते. दोन सेकंदांहून जास्त वेळ ती घडी दिसली, तर त्या मुलाला दवाखाना लागतो. अगदी सुकलेल्या, कुपोषित मुलात ही खूण फसवू शकते, म्हणून सोबत डोळे, तहान आणि हुशारी पाहतात.

आणि नेमक्या याच वेळी घरातलं मोठं माणूस म्हणतं, “पाणी देऊ नका, दिलं की लगेच शी होते.” या एका समजुतीनं जितकं नुकसान केलं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल. पाणी बंद केल्यानं जुलाब बंद होत नाहीत. आतडं शरीरातलं पाणी ओढून बाहेर टाकतच राहतं, फक्त भरपाई थांबते.

६. मीठ आणि साखर एकत्र का?

मग नुसतं पाणी पाजलं तर? इथे विज्ञानातला एक फार सुंदर भाग येतो.

पटकीचं विष आतड्यावर काय करतं, हे १९५९ मध्ये कोलकात्यातल्या शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर सोडू लागतात आणि त्यांच्यामागून पाणी धावतं. अशा वेळी आतडं नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी नीट शोषत नाही. पण त्याच आतड्यात एक दुसरी वाट असते आणि विषाला तिला हात लावता येत नाही. या वाटेनं सोडियम म्हणजे मिठातला मुख्य भाग आणि ग्लुकोज म्हणजे साखर जोडीनंच आत जातात, आणि पाणी त्यांच्यामागून ओढलं जातं. बैलगाडीसारखंच हे आहे. गाडीत पाणी भरलं आहे, पण जोखडाला एकच बैल असेल तर गाडी जागची हलत नाही. मीठ आणि साखर दोन्ही जुंपली की ती चालते. आणि एक बैल दुसऱ्यापेक्षा फारच दांडगा असला तर गाडी वाकडी जाते. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. रंगीत, गोड, फळाच्या चवीची पेयं हगवणीत देऊ नयेत ती याच कारणानं.

हे तत्त्व माणसांच्या जिवावर कसोटीला लागलं ते १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली होती. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून मिसळलं, ते पाण्यात कालवून पिंपांत भरलं, पिंपांना नळ लावले आणि नातेवाइकांना सांगितलं की कपानं पाजत राहा. छावणीत आधी शंभरातले तीस रुग्ण दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण ३.६ वर आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. रुग्णाची आई, भाऊ, नवरा होते. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या मते या माणसाचा फोटो प्रत्येक अंगणवाडीत असायला हवा.

आज आशाताई घरी देऊन जातात ते ओआरएसचं पाकीट याच मिश्रणाचं सुधारलेलं रूप आहे.

७. पाकीट कालवताना

एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावं. दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर लिहिलेलं आधी वाचावं. मोठं पाकीट दोनशे मिलिलिटर पाण्यात संपवलं तर मीठ पाचपट होतं आणि ते बाळाला घातक ठरू शकतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही करू नये; भुकटीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. कालवलेलं पाणी झाकून ठेवावं आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकावं.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि वरून बोटानं सपाट केलेला. चाखून पाहावं, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं. साखरही नसेल तर तांदळाच्या पातळ पेजेत मीठ घालून द्यावं. तांदळातला स्टार्च आतड्यात फुटून हळूहळू ग्लुकोजच देतो.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढच्या मुलाला १०० ते २००. पाणी कमी झाल्याच्या खुणा दिसत असतील तर वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर, चार तासांत. दहा किलोच्या मुलाला हे ७५० मिलिलिटर होतात. ऐकून आई घाबरते, एवढं पोरगं पिणार कसं? पण पाच मिलिलिटरच्या चमच्यानं हे दीडशे चमचे झाले, आणि चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. दर दीड-दोन मिनिटांना एक चमचा. एवढं कुठलीही आजी करू शकते. घटाघटा पाजलं की उलटी होते, चमच्यानं दिलं की बहुधा राहतं. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

८. गोळी आणि सलाईन

“डॉक्टर, सलाईन लावा” हा हट्ट गावोगाव आहे. पिऊ शकणाऱ्या मुलाला सलाईननं जे मिळतं तेच ओआरएसनं मिळतं, तेही सुईशिवाय. सलाईन लागतं ते बेशुद्ध, पूर्ण मलूल किंवा काहीच पोटात न ठरणाऱ्या मुलाला.

जुलाब बंद करणारी गोळी, म्हणजे लोपेरामाइड, लहान मुलाला कधीही देऊ नये. ती आतड्याची हालचाल थांबवते; जंतू आणि विष आतच राहतात, आणि पोट फुगून मूल दगावू शकतं. प्रतिजैविकं पाण्यासारख्या साध्या जुलाबांत उपयोगी पडत नाहीत. दुकानातून आणून दिलेल्या अशा गोळ्यांमुळेच शिगेलासारखे जंतू नेहमीच्या औषधांना जुमानेनासे झाले आहेत. शीत रक्त, जोराचा ताप किंवा पटकीचा संशय असेल तर मात्र डॉक्टर सांगतील ते औषध पूर्ण घ्यावं.

९. विहीर, टीसीएल आणि पिवळा रंग

पहिल्या दमदार पावसात उघड्यावरची सगळी घाण वाहून नाल्यात आणि कठडा नसलेल्या विहिरीत जाते. “नवं पाणी बाधलं” याचा अर्थ हाच. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत लोकांना उघड्या विहिरीचं पाणी प्यावं लागलं आणि पटकी पसरली. माणसं दगावली. हे दीडशे वर्षांपूर्वीचं नाही, आपल्या डोळ्यांदेखतचं आहे.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा त्यातला क्लोरीन जंतू मारतो. पण त्याला निदान अर्धा तास लागतो. पोतं उघडं, ओलसर कोपऱ्यात पडलेलं असेल तर क्लोरीन उडून जातो आणि गावाला नुसती पांढरी भुकटी मिळते. म्हणून ओटी टेस्ट असते. घरच्या नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. ही चाचणी गावातल्या कुणालाही मागून पाहता येते, आणि पाहावी. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतो, तेव्हा आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा. सरपण असेल तिथे एक मिनिट खळखळून उकळणं सर्वात खात्रीचं.

आणि इतकं करून आणलेलं पाणी गुंडात गेल्यावर हात बुडवून घेतलं, तर सगळं वाया. लांब दांड्याचं ओगराळं, गुंडावर झाकण.

१०. शाळेत शंभर पोरं

आश्रमशाळेत मुलं एका खोलीत झोपतात, एका पंगतीत जेवतात, त्याच त्या संडासात जातात. दहा जंतूंवर भागवणाऱ्या शिगेलाला याहून सोयीची जागा नाही. इथे भिंतीवरच्या सुविचारापेक्षा संडासाबाहेर साबण आहे की नाही हे महत्त्वाचं. साबण जंतू मारतो म्हणून नव्हे, तर हातावरचा तेलकट थर सोडवतो आणि जंतू त्याच्याबरोबर वाहून जातात म्हणून. वीस सेकंद चोळणं त्यासाठीच. साबणानं हात धुण्यानं जुलाबांचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. साबण नसेल तर चुलीतली स्वच्छ राख नुसत्या पाण्यापेक्षा बरी.

हगवण लागलेल्या मुलाला स्वयंपाकघराच्या, वाढण्याच्या कामावर ठेवू नये, जुलाब थांबल्यावरही दोन दिवस नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना हगवण असेल तर त्यांनाही सुटी हवी आणि त्या दिवसांचा पगार कापू नये. पगार कापला तर त्या आजार लपवतील.

११. पूल पाण्याखाली असताना

पर्लकोटेचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाणं हा भामरागडचा वर्षानुवर्षांचा अनुभव. पलीकडच्या गावातल्या आईला तेव्हा “लगेच दवाखान्यात या” सांगून उपयोग नसतो. म्हणून मृगाआधीच घरात ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या हव्यात. आशाताईंकडे त्या फुकट मिळतात. निघताना कालवलेलं ओआरएस बाटलीत सोबत घ्यावं आणि खाटेवर, कावडीत, डोंग्यात, कुठेही चमच्यानं पाजत राहावं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काही ओतू नये, ते फुप्फुसात जातं.

झिंकची गोळी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, २० मिलिग्रॅमची, आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. ती मोठ्या मुलाला चमचाभर पाण्यात आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधात विरघळवून द्यायची. आतड्याची भिंत भरून यायला ती मदत करते आणि पुढचे दोन-तीन महिने हगवण पुन्हा लागण्याची शक्यता कमी करते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात आणि उरलेला पत्ता पुढच्या वेळेसाठी फळीवर ठेवून देतात. पत्ता चौदा गोळ्यांचा असतो आणि तो चौदा दिवस द्यायचा असतो. याच दोन आठवड्यांत मुलाला रोज नेहमीपेक्षा एक जेवण जास्त द्यावं, भात, वरण, अंडं, जे घरात असेल ते, म्हणजे हगवणीत उतरलेलं वजन परत चढतं.